नाइकी पेगासस ४१: अल्तिनोच्या चढ-उतारावर

मिरामारचा किनाऱ्यालगतचा रस्ता धावणाऱ्याला लाडावून ठेवतो. सपाट डांबर, समुद्राचा वारा, दमलात तर कुठूनही परत फिरा. तिथे कुठलाही बरा बूट चालतो, म्हणूनच तिथे बुटाचं खरं रूप कळत नाही. ते कळतं पणजीच्या चर्चमागून अल्तिनोच्या टेकडीकडे वळल्यावर. वर सरकारी बंगले, आर्चबिशपांचा पॅलेस, आकाशवाणी, आणि मग मळा-फोंतेन्यासच्या बाजूने उतरून ३१ जानेवारी रस्त्याने पुन्हा चर्चपाशी. कुठे वळता त्यावर अवलंबून एक फेरी दोन-तीन किलोमीटरची होते. अंतर फार नाही, पण या फेरीत सपाट असं जवळपास काहीच नाही. जो मिरामारवर सहज ८ किलोमीटर काढतो त्याची पोटरी इथे दुसऱ्या फेरीला बोलायला लागते, आणि अंगठ्याचं नख तिसऱ्या उताराला.

असा चढाचा मार्ग सरावात घ्यायचा ठरवला की पहिला प्रश्न बुटाचा येतो. दुकानात गेलात तर पेगासस पुढे केला जाण्याची शक्यता मोठी. १९८३ पासून चालत आलेली ही मालिका रोजच्या धावण्याची म्हणून ओळखली जाते, आणि ४१ वी आवृत्ती २०२४ ची. तळाशी पूर्ण लांबीचा रिअ‍ॅक्टएक्स फोम, त्यात चवड्याखाली आणि टाचेखाली एकेक हवेची गादी, वर जाळीचं कापड, खाली रस्त्यासाठीचं रबर. पुरुषांच्या मध्यम मापात एका बुटाचं वजन २८० ते ३०० ग्रॅम. छापील किंमत दहा-बारा हजारांच्या घरात, सवलतीत बरीच खाली येते. हे परीक्षण एवढ्याच प्रश्नापुरतं आहे: गोव्यातल्या चढ-उताराच्या डांबरी रस्त्यावर, पावसाळा धरून, हा बूट घ्यावा का? उत्तर होकारार्थी आहे, पण अर्धं उत्तर लेस कशी बांधता यात आहे.

सगळ्यात आधी ड्रॉपचा हिशेब, कारण चढाच्या रस्त्यावर बुटाचा स्वभाव तोच ठरवतो. टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी म्हणजे ड्रॉप. पेगासस ४१ मध्ये टाचेखाली ३७ मिमी आणि चवड्याखाली २७ मिमी, म्हणजे ड्रॉप १० मिमी. साधारण आठ नंबरच्या पायात टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर १९ सेंमीच्या आसपास भरतं. १९० मिमी लांबीत १० मिमी उतार, म्हणजे सव्वापाच टक्के. थोडक्यात, सपाट फरशीवर उभे असतानाही या बुटात तुमचा पाय पाच टक्क्यांच्या उतारावर उभा असतो. धावताना फोम दबतो, त्यामुळे हा आकडा काटेकोर धरू नका, पण दिशा हीच राहते.

आता हा बूट ५ टक्क्यांच्या चढावर न्या. चढ आणि ड्रॉप एकमेकांना खातात आणि पाय जवळपास सपाट टेकतो. पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला सपाट रस्त्याइतकाच ताण. ८ टक्क्यांच्या चढावर पायाला तीनच टक्के जाणवतात. उलट फिरा, तर ८ टक्क्यांच्या उतारावर वजाबाकी होत नाही, बेरीज होते. आठ आणि पाच, तेरा टक्के. पूर्ण पाय बुटात पुढे सरकायला बघतो. पेगाससचा चढावरचा गुण आणि उतारावरचा दोष ही एकाच १० मिलिमीटरची दोन टोकं आहेत.

आपल्या मार्गाचा चढ किती टक्के, हे कळायला महागडं घड्याळ लागत नाही. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं अ‍ॅप असतं. फोन रस्त्यावर चढाच्या दिशेने आडवा ठेवा, अंश वाचा. १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के, ५ अंश म्हणजे जवळपास ९ टक्के. दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण वळणाच्या आतल्या कडेला तोच रस्ता बाहेरच्या कडेपेक्षा पुष्कळ उभा असतो. चढताना वळण बाहेरून घेतलं तर दहा पावलं जास्त पडतात, श्वास मात्र वाचतो. समोरून येणारी गाडी दिसते हा फायदा वेगळाच. अल्तिनोच्या अरुंद वळणांवर तो फायदा लहान समजू नका.

चढावर हा बूट खरोखर चांगला वागतो. सपाट रस्त्यावर सरावलेला हौशी धावणारा चढ लागला की चवड्यावर जातो, आणि पहिले दोनशे मीटर छान वाटतात. चवड्यावर धावत असेपर्यंत टाच जमिनीला लागतच नाही, त्यामुळे ड्रॉप ५ असो की १०, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो दम लागल्यावर. पावलं जड होतात, टाच खाली येऊ लागते, आणि दर पावलाला टाचेमागची शीर ताणली जाते. कमी ड्रॉपच्या बुटात, चार-पाच मिमीवाल्यात, ही शीर नेमकी याच वेळी तक्रार सुरू करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाचेच्या वर आखडल्यासारखं होतं ते यामुळे. पेगाससची उंच टाच तिथे आधार देते. ज्यांची पोटरी आखूड आणि घट्ट आहे, किंवा ज्यांचा दिवस खुर्चीवर जातो, त्यांच्यासाठी नव्या चढाच्या मार्गावर १० मिमीचा ड्रॉप ही चैन नाही, गरज आहे.

फोमबद्दल कंपनीचा दावा आहे की रिअ‍ॅक्टएक्स आधीच्या रिअ‍ॅक्टपेक्षा १३ टक्के जास्त ऊर्जा परत देतो. चढावर तसं काही जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नका. चढावर वेग कमी, पाऊल लहान, आपटणं कमी. फोमला परत द्यायला आधी काही मिळालं पाहिजे ना. चढावर महत्त्वाचं असतं वजन आणि चवड्याची पकड. पकड कोरड्या डांबरावर उत्तम. वजन मध्यम. हलक्या स्पर्धेच्या बुटाशी तुलना केली तर प्रत्येक पावलाला साठ-सत्तर ग्रॅम जास्त उचलावे लागतात, हे खरं. पण नवा मार्ग शिकणाऱ्याने ते साठ ग्रॅम मोजत बसू नये, आधी पाऊल लहान करायला शिकावं.

उतार हा या परीक्षणाचा खरा विषय. मळ्याच्या बाजूने खाली येताना रस्ता काही ठिकाणी चांगलाच उभा आहे. गुरुत्वाकर्षण फुकट वेग देतं म्हणून नवखा माणूस लांब ढांगा टाकतो. ढांग लांब गेली की पाय शरीराच्या पुढे, गुडघा जवळपास सरळ, आणि टाच दणकन खाली. प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक. मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणत-ताणत वजन पेलावं लागतं, आणि स्नायू सगळ्यात जास्त दुखतात ते अशाच कामाने. दुखणं त्याच दिवशी येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. ३७ मिमीची जाड टाच या आपटण्याचा आवाज कमी करते, म्हणून धावणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. इथेच फसगत होते. मऊ टाच चुकीच्या पावलाला माफ करते आणि बिल मांडीकडे पाठवते. उपाय बुटात नाही, पावलात आहे: ढांग आखडा, पावलांची गती वाढवा, पाय कंबरेखालीच टेकवा, धड मागे टाकू नका. उतारावर पावलांचा आवाज ऐका. 'टप टप' हलका येत असेल तर बरोबर, 'धप' येत असेल तर ढांग लांब आहे.

आणि नखं. पाय बुटात पुढे सरकला की अंगठा टोकाला आपटतो, दर पावलाला एकदा. दोन किलोमीटरच्या उतारात हे हजाराच्या वर होतं. नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं, महिन्या-दोन महिन्यांनी गळून येतं. हा दोष फक्त पेगाससचा नाही, पण १० मिमी ड्रॉपच्या कुठल्याही बुटात तो लवकर दिसतो. म्हणून लेसची बांधणी शिकून घ्या. धावण्याच्या बहुतेक बुटांना सगळ्यात वर, घोट्याच्या बाजूला एक जादा भोक असतं, ते बरेच जण आयुष्यभर रिकामं ठेवतात. लेस नेहमीसारखी खालून वर आणा. शेवटून दुसऱ्या भोकातून बाहेर आली की ती दुसऱ्या बाजूला नेऊ नका, त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला आणि पूर्ण ओढू नका. दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढा लहान फास राहील. आता डाव्या लेसचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्या फासातून काढा, टाच मागे घट्ट टेकवा, आणि टोकं वर न ओढता खाली, जमिनीकडे ओढा. फास आवळतात, घोटा जागच्या जागी धरला जातो. मग साधी गाठ. चवड्यावरच्या दोन-तीन ओळी मात्र सैलच ठेवा, कारण तिथे घट्ट बांधलं तर तासाभराने बोटं बधिर होतात. पूर्ण बूट घट्ट आवळून पाय सरकायचा थांबत नाही, तो घोट्यापाशी थांबवावा लागतो. एवढ्या एका बदलाने उतारावर हा बूट वेगळाच वाटतो. चढताना मात्र काहींना हीच बांधणी घोट्याच्या पुढे दाबते. तसं असेल तर माथ्यावर अर्धा मिनिट थांबून आवळा.

मापाचीही गोष्ट इथेच येते. अंगठ्यापुढे बोटाची रुंदी एवढी जागा हवी, आणि ती बसून बघायची नाही, उभं राहून बघायची. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि धावताना ते तसेच असतात. धावताना वापरता तेच मोजे घालून जा. दुकानाच्या बाहेर गाड्यांसाठीचा उतार असतो, विचारून त्यावर दोन-तीनदा जोरात उतरून बघा. अंगठा टेकला तर अर्धा नंबर वर घ्या. आपल्याकडे जन्मभर चपलेत वावरलेला पाय पुढून पसरलेला असतो, आणि पेगाससचा पुढचा भाग काही फार ऐसपैस नाही. करंगळीच्या बाजूला घासत असेल तर लांबी वाढवून प्रश्न सुटत नाही, टाच मागून सैल होते आणि उतारावर आणखी सरकता. कंपनी रुंद आवृत्तीही बनवते, ती मागा. मिळाली नाही तर दुसरा बूट बघा. 'वापरून सैल होईल' या आश्वासनावर चढाचा बूट घेऊ नये.

आता पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून टेकतो आणि सप्टेंबरपर्यंत मार्गाचं रूप बदललेलं असतं. सगळ्यात निसरडा दिवस हा मुसळधार पावसाचा नसतो, पहिल्या सरीचा असतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि गाड्यांचं तेल ओलं होऊन डांबरावर पातळ थर बसतो. दोन-तीन जोरदार सरींनी तो धुऊन गेला की उघडं खडबडीत डांबर ओलं असूनही चांगलं धरतं, आणि पेगाससचं रबर तिथे विश्वासाने पाऊल टाकू देतं. जिथे धरत नाही त्या जागा पाठ करा: झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, फुटपाथचे गुळगुळीत पेव्हर, गुलमोहोराच्या ओल्या पाकळ्यांचा गालिचा, आणि जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या गडग्याला लागून असलेली रस्त्याची कड. चिरा पाणी पितो आणि ओलसर राहतो. जुलैत त्यावर जे हिरवं-काळं शेवाळ धरतं ते लांबून ओल्या दगडासारखंच दिसतं. जवळून बघितलं तर मखमलीसारखी लव दिसते, बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. या शेवाळावर रस्त्याच्या बुटाचं रबर टिकत नाही, महागातलं असो की स्वस्तातलं, कारण रबराला दगड लागतच नाही, मध्ये शेवाळाची साय असते. मळ्यात मारुती मंदिराच्या बाजूच्या पायऱ्या कोरड्या दिवसांत चढायला फार सुंदर आहेत. पावसाळ्यात तिथे धावू नका, कठडा धरून चाला.

पावसासाठी म्हणून पेगाससची गोरटेक्स आवृत्ती, म्हणजे आत पाणी अडवणारा पडदा असलेली, सुचवली जाईल. गोव्यासाठी ती घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. असा पडदा पायाखालच्या पाण्यापासून वाचवतो. आपल्याकडे पाणी वरून येतं, पोटरीवरून ओघळत मोज्यातून बुटात उतरतं. आत गेलेलं पाणी पडद्यामुळे बाहेर निघत नाही, आणि बूट म्हणजे दोन लहान बादल्या होतात. साध्या जाळीतून पाणी जसं येतं तसं दर पावलाला बाहेरही फेकलं जातं. मोजे मात्र सुती नकोत. सूत पाणी धरतं, त्वचा मऊ पडते आणि उतारावरच्या घासण्याने फोड येतात. पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, शिवण बोटांवर न येणारे मोजे घ्या. ज्यांना हमखास फोड येतात त्यांनी बोटांना आणि टाचेला आधीच थोडं व्हॅसलिन लावावं.

बूट कितीही बरा असला तरी मार्ग हळूहळूच अंगवळणी पाडायचा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकच दिवस अल्तिनो, बाकी दिवस सपाट. त्या दिवशी १०-१५ मिनिटं सपाटीवर अंग गरम करून एक फेरी, उभ्या भागात सरळ चालत. चालण्यात कमीपणा नाही. तीव्र चढावर अनेकांचं चालणं धावण्याइतकंच वेगाने होतं आणि नाडी कमी चढते. चढावर घड्याळातला वेग बघू नका, श्वास बघा: एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तसंच चालू ठेवा, दोन शब्दांवर दम तुटत असेल तर चाला. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, किंवा एकाच चढावर ६० सेकंदांच्या चार-सहा खेपा, उतरताना चालत. उतारावर धावणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडं वाढवा, कारण इजा तिथेच होतात. शिवाय दर खेपेला फेरीची दिशा बदला. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, कायम एकाच बाजूने धावलं तर एक घोटा रोज आत झुकतो. पेगाससचा तळ आता इतका जाड आहे की हा कल त्यात जास्त जाणवतो, घोटा कच्चा असणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

या रस्त्याची तयारी झाली की पुढे दोनापावलाच्या बाजूने गोवा विद्यापीठाचं पठार आहे, फोंड्याकडे फर्मागुडीचा चढ आहे, तिथेही हाच बूट चालेल. केरीहून वर जाणारा चोर्ला घाट हे वेगळं प्रकरण, तिथे धुकं आणि ट्रक यांचा विचार बुटाच्या आधी करावा लागतो. आणि सत्तरी-सांग्याच्या लाल मातीच्या वाटांवर पेगासस नेऊ नका. तिथे तळाला ४-५ मिमीचे दात असलेला ट्रेलचा बूटच लागतो, उथळ नक्षीच्या तळात चिकट माती भरली की खाली पकड उरत नाही.

देखभाल गोव्यात निम्मं काम करते. भिजलेले बूट घरी आल्यावर आतली गादी काढा, लेस सैल करा, जीभ वर ओढा, आणि जुन्या 'तरुण भारत' किंवा 'नवप्रभा'चे चुरगाळलेले बोळे टोकापर्यंत ठासून भरा. तासाभराने ओले बोळे काढून कोरडे भरा, झोपताना पुन्हा एकदा. पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा ड्रायरने वाळवू नका, उष्णतेने फोम आणि चिकटवण दोन्ही लवकर संपतात. जुलैत एवढं करूनही दुसऱ्या सकाळी चवड्याकडे ओल राहते, त्यामुळे आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्याला दोन जोड्या लागतातच. दुसरी जोडी नवी असायला हवी असं नाही.

अशा बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. चढ-उताराच्या रस्त्यावर खालचा आकडा धरा. दहा-बारा हजारांना ५०० किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे वीस ते चोवीस रुपये, सवलतीत घेतला तर त्याहून कमी. घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवा, अंदाज नेहमी चुकतो. दर महिन्याला जोडी टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसते का, आणि बाहेरच्या कडेचं रबर झिजून खालचा फोम उघडा पडलाय का. उतारावर टाच घासण्याची सवय असेल तर ही कड सगळ्यात आधी जाते. फोम दिसला की त्या जोडीचं अल्तिनो बंद. ती मिरामारसाठी ठेवा.